दोन सुताची दांडी, चार सुताचं तोंड

बजाजनगर, औरंगाबाद
६ सप्टेंबर १९९९

ती. सांडूमामा,

नमस्कार. साष्टांग दंडवत लिहीत नाही, कारण माणसाने माणसापुढे आडवं होऊ नये असं माझं मत आहे. आदर मात्र तेवढाच आहे.

आई म्हणते, बी.ए. करून पोरगी पुन्हा भुश्यातच गेली. एका अर्थी खरं आहे. इथल्या श्रमसाफल्य ट्रस्टच्या महिला सुतारकाम केंद्रात मी संघटक आहे. नऊ बायका आहेत, सगळ्यांचे नवरे वाळूजच्या कंपन्यांत. आम्ही चौरंग आणि देवघरं करतो. देवावर माझा विश्वास नाही, पण देवघरांना गिऱ्हाईक आहे, आणि स्त्रीच्या स्वावलंबनाची सुरुवात कुठून तरी व्हायला हवी.

तुम्ही पिढीजात सुतार, म्हणून अडचण तुम्हालाच लिहिते. एका कंपनीने आम्हाला जुना राऊटर देणगी दिला. हातात धरून लाकडावरून फिरवायचं हे यंत्र. खाली लावलेलं पातं मिनिटाला वीस हजार फेरे घेतं आणि लाकडाच्या कडेला नक्षी पडते. दुसऱ्या एका दात्याने तीस पात्यांची पेटी दिली. दोन्ही दाते थोर आहेत, पण एकमेकांशी बोललेले नाहीत. यंत्राचं पकडायचं तोंड जाड दांडीसाठी आहे आणि पात्यांच्या दांड्या बारीक. मी दांडीला वायरवरची काळी चिकटपट्टी गुंडाळून ती घट्ट बसवली. बटण दाबताच पातं सुटलं आणि माझ्या कानाजवळून जाऊन दाराच्या चौकटीत रुतलं. साळूबाईंनी ते पकडीने उपटलं आणि म्हणाल्या, "बाई, कान गेला असता तर पदवी कुठं अडकवली असती?"

३० ऑक्टोबरला ट्रस्टचे विश्वस्त पाहणीला येणार आहेत. राऊटर चालला तर केंद्र राहील. नाहीतर शेडमध्ये पापड-कुरडयांचं युनिट काढायचं असं अध्यक्ष व्यंकटरावांच्या मनात आहे. पापडावर माझा राग नाही. पण पापड या बायका घरी लाटतातच, त्यासाठी ट्रस्ट कशाला हवा?

मी कंपासपेटीतल्या पट्टीने मोजलं: दांडी सहा मिलिमीटर, तोंड बारा. मधे बसेल अशी नळी करून द्याल का?

मामी कशी आहे? अजून चुलीपुढेच?

तुमची भाची,
कौशल्या

∗

वैजापूर
१३-९-९९

चि. कौसा,

सांडूमामाचा आशीर्वाद. आमच्यापुढं आडवी नाय झालीस तरी चालंल. त्या पात्यापुढं झाली असतीस तर बरं झालं असतं.

जात्याचा खुंटा हालायला लागला की बाया चिंधी गुंडाळून ठोकत्यात. चालतं. पण जातं मिनिटाला वीस हजार फेरे घेत नाय. चिकटपट्टी गरम झाली की मऊ होती आणि दांडी सोडती. पुन्हा करू नको. कागद नको, चिंधी नको, पत्रा नको.

तुला नळी पायजे, तिला बुश म्हणत्यात. पण तुझं मिलिमीटर इथं कुणाच्या हाताला कळत नाय. आमचा इंच आठ सुताचा. मला वाटतं दांडी दोन सुताची आणि तोंड चार सुताचं. वाटण्यावर लोखंड कापता येत नाय. एक पातं पाठव आणि नट काढल्यावर निघतं ते मशिनीचं तोंडबी पाठव. चिंधीत बांधून यष्टीच्या कंडक्टरपाशी दे, स्टँडावरनं घेतो.

मामी बरी हाय. चुलीपुढंच हाय.

सांडूमामा

∗

बजाजनगर
२० सप्टेंबर १९९९

ती. मामा,

पातं आणि तोंड (याला कॉलेट म्हणतात) आजच्या दुपारच्या गाडीने पाठवलं आहे. कंडक्टर विचारत होता, बाँब आहे का. मी त्याला कॉलेटचं तत्त्व समजावून सांगितलं. तो म्हणाला, "समजलं, समजलं, द्या."

तुमचं पत्र मी इथे सगळ्यांना वाचून दाखवलं. जात्याच्या खुंट्याचं उदाहरण एका पुरुषाला सुचावं याचं मला फार कौतुक वाटलं. घरातल्या बाईचे कष्ट इतक्या बारकाईने पाहणारा कारागीर आमच्या ट्रस्टलाही सापडला नसता. वच्छलाबाई म्हणाल्या, "मामानं दळलंय वाटतं कधी." मी त्यांना सांगितलं, संवेदनशीलतेला दळावं लागत नाही.

आणि तुमचं अक्षर किती सुधारलं आहे! पूर्वी आईला यायची ती कार्डं वाचायला तिघं लागायची.

एक सल मात्र सांगते. बारावीच्या सुट्टीत मी तुमच्याकडे साक्षरता वर्ग काढला होता, आठवतं? मामीला स्वतः पाटी-पेन्सिल दिली होती. तीन संध्याकाळी बसली, चौथ्या दिवशी आलीच नाही. "पीठ मळायचंय" म्हणाली. तेव्हापासून माझं मत झालं आहे की बाईच्या वाटेतला सगळ्यात मोठा दगड म्हणजे तिची स्वतःचीच उदासीनता. तुमच्यासारखा नवरा असूनही जी शिकली नाही, तिला काय म्हणावं? रागाने लिहीत नाही, वाईट वाटतं म्हणून लिहिते. हे तिला वाचून दाखवलंत तरी हरकत नाही.

३० तारखेला तुम्ही याच. जाणत्या कारागिराच्या हातात यंत्र दिसलं की विश्वस्तांवर वेगळाच परिणाम होईल.

कौशल्या

∗

वैजापूर
६-१०-९९

चि. कौसा,

आशीर्वाद. बुश पाठवतोय, तुझं पातं आणि तोंडबी सोबत हाय.

तुझी दांडी सहा मिलिमीटर नाय. सहा आणि वर तांदळाच्या कणीएवढं. चोख दोन सूत. सहाचं भोक पाडलं असतं तर दांडी आतच गेली नसती आणि तू हातोडा घेतला असतास. तुला वळखते मी तुझ्या आईवरनं.

बद्रीनाथच्या लेथवर नळी काढून आणली. चिरा मात्र घरी हेक्साब्लेडनं पाडल्यात. तीन वरनं, तीन खालनं, एकीआड एक. नुसती अख्खी नळी घातली तर नट कितीबी आवळ, ती दबत नाय. चिरा असल्या की कासारीण बांगडी चढवताना हात दाबती तशी नळी सगळीकडनं दबती आणि दांडी धरती.

आता नीट वाच. मशिनीची वायर आधी काढ. बुश तोंडात घाल, दांडी बुशात घाल. पार तळाला टेकली की केसभर मागं वढ. मग दोन पान्यांनी आवळ. सगळं कोरडं पायजे, कोरडं म्हंजे कोरडं. पेटीत दोन-चार पात्यांची दांडी जाड दिसंल, ती अडीच सुताची असत्यात. ती ह्या बुशात कोंबू नको. त्याला दुसरा बुश लागंल, मागनं बघू.

मामीला तुझं पत्र वाचून दावायची गरज पडली नाय. ती म्हणती, शाळेची येळ आणि भाकरीची येळ तू एकच ठिवली होतीस. पाटी घरातच हाय.

मला यायचं जमणार नाय. गुडघा.

सांडूमामा

∗

बजाजनगर
२१ ऑक्टोबर १९९९

ती. मामा,

हे पत्र लिहिताना मन स्थिर ठेवायचा प्रयत्न करते आहे.

तुमचा बुश दहा दिवस उत्तम चालला. "वळखते" असं तुम्ही घाईत लिहून गेलात तेही मी हसून सोडून दिलं होतं. साळूबाईंचा हात तर असा बसला की चौरंगाच्या कडेला त्या डोळे मिटून गोलाई पाडतील. बावीस चौरंग झाले. आणि काल तेविसाव्याला दांडी बुशात सरकली, पातं खाली उतरलं आणि चौरंगाच्या मधोमध खड्डा पडला. पुन्हा आवळलं, पुन्हा सरकली. पाचव्यांदा मी यंत्र बंद केलं. साळूबाई खड्डा पडलेल्या चौरंगावरच जाऊन बसल्या. त्या कामाच्या वेळी बसतात तेव्हा परिस्थिती गंभीर असते.

मला स्पष्ट लिहायची सवय आहे. तुम्ही कच्चं लोखंड वापरलंत का? की चिरा घाईत पाडल्या? घरच्या माणसाचं काम म्हणून जरा ढिलं झालं असेल तर तसं सांगा. पाहणीला नऊ दिवस आहेत आणि व्यंकटरावांनी पापडाच्या मशीनचं दरपत्रक मागवल्याचं कळलं आहे.

आमच्या बाजूने यंत्राची काळजी घेण्यात काहीच कसर नव्हती. उलट खंडेनवमीला बायकांनी हत्यारांच्या पूजेचा हट्ट धरला, तेव्हा मी दहा मिनिटं विरोधात बोलले आणि मग लोकभावनेचा मान ठेवून मधला मार्ग काढला. नट सोडला, बुश बाहेर काढला, त्याला हळदकुंकू वाहिलं आणि कॉलेटच्या आत तेल सोडलं. बायकांना वाटलं पूजा झाली. मला ठाऊक होतं की यंत्राला तेल मिळालं. श्रद्धेला विज्ञानाची जोड अशीच द्यावी लागते.

तेव्हा दोष बुशातच आहे. उत्तर लगेच पाठवा.

कौशल्या

∗

वैजापूर, २३-१०-९९
(कार्ड)

कौसा,

तेल? कॉलेटात? मी कोरडं म्हणून दोनदा लिवलं होतं. आणि कुंकू बुशाला?

पूजा बाहेरनं करायची असती. देवाच्या तोंडापुढं पेढा धरत्यात, घशात कोंबत नायत.

बुश काढ. चिरांत लाल दिसंल. रॉकेलात जुना दात घासायचा ब्रश बुडवून बुश, कॉलेट, दांडी समदं धू. सुती फडक्यानं पूस, उन्हात ठिव. मग बसव. सरकलं तर मी सुतार नाय.

बुश पक्का हाय. कामावर शंका घेतलीस ते बरं नाय केलंस.

सांडूमामा

∗

बजाजनगर
२५ ऑक्टोबर १९९९

ती. मामा,

चिरांत लाल होतं.

धुतलं. पुसलं. वाळवलं. आज सकाळपासून सात चौरंग झाले, दांडी केसभर हलली नाही. साळूबाईंनी तुमचं कार्ड माझ्या हातातून घेतलं आणि "घशात कोंबत नायत" हे वाक्य भिंतीवर खडूने लिहून ठेवलं. विश्वस्त येण्याआधी ते पुसावं लागेल. मी तुमची मनापासून माफी मागते. मला कामातलं कळत नसताना मी कामावर बोलले.

पण आता त्याहून मोठी अडचण उभी आहे. ट्रस्टचं पत्र आलं: "केंद्र चालू ठेवावयाचे असल्यास जाणकार प्रशिक्षक उपलब्ध असल्याचे पाहणीच्या दिवशी दाखवून द्यावे." मी व्यंकटरावांना सांगितलं की राऊटर साळूबाईच चालवतात. ते हसून म्हणाले, "छान, छान. पण शिकवणारा मिस्त्री कोण?" मी तुमचं नाव सांगून टाकलं. श्री. सांडू मिस्त्री, वैजापूर. महिन्यातून दोन दिवस येऊन शिकवतील असंही सांगितलं. हे मी तुम्हाला न विचारता केलं, पण नाही तर पापड होता.

मामा, गुडघ्याला मी बाम लावून देईन. स्टँडवर रिक्षा घेऊन येते. फक्त उभे राहा, यंत्र हातात धरा आणि या नऊ जणींची शेड वाचवा. मनकर्णाबाईंनी नवऱ्याला सांगून ठेवलंय की मी मिस्त्री आहे. आता त्यांनी घरी जाऊन काय सांगावं, कुरडया?

तुमची,
कौशल्या

∗

वैजापूर
२८-१०-९९
(यष्टीच्या कंडक्टरपाशी)

कौसा,

सांडूमामाचा आशीर्वाद हाय, पण ते बाजंवर बसल्यात. पत्र माझं हाय. मागची समदीबी माझीच. मी तुझी मामी, द्वारका.

ह्यांचा गुडघा चांगला हाय. हात कापतो. सहा वर्सं झाली. पटाशी धरली की टोक नाचायला लागतं. कुणाला कळू दिलं नाय. ते माप घ्यायचे, मी घरामागं दार लावून रंधा मारायची, ते जाऊन चौकट बसवून यायचे. गावात म्हणायचे, सांडूचा हात म्हातारपणी लई साफ झाला. दोघंबी ऐकून घ्यायचो. बाईनं केलेली चौकट दाराला कोण लावून घेईल? तिच्याखालनं नवरी आत यायची असती.

तुझ्या वर्गाला चौथ्या दिवशी आले नाय, पण पाटी आधीच घरी घेऊन आले होते. अक्षरं ह्यांच्या घडीच्या पट्टीवरच्या आकड्यांवरनं सुरू केली, मग पुड्याचे कागद. तू लिवलंस मी उदास. मी वाचलं. मग बुशाच्या चिरा पाडल्या.

तुला आधीच सांगायचं होतं. हे म्हणाले, लिव, पण माझं नाव घाल. मी घातलं. जात्याच्या खुंट्यावरनं तुला कळंल असं वाटलं होतं. तू ह्यांचंच कौतुक केलंस. दोन दिवस हे जात्याकडं बघून हसत होते.

आता ३० तारखेला दोघं येतो. तुझ्या साहेबाला मिस्त्री पायजे, मिस्त्री बघू दे. मशीन मी धरीन. अडीच सुताचा बुशबी केलाय, सोबत आणते. बाम नको.

मामी

∗

बजाजनगर
४ नोव्हेंबर १९९९

ती. मामी,

हे पत्र तुम्हाला साष्टांग दंडवत घालून सुरू करते आहे. माझं मत बदललेलं नाही, पण अपवाद असतात.

त्या दिवशी तुम्ही गाडी गाठायला लवकर निघालात, नंतरचं तुम्हाला माहीत नाही. ते लिहिणं माझं काम आहे.

तुम्ही तिथे असतानाचं तर तुम्ही पाहिलंतच. पदर खोचून तुम्ही बुश बदललात, दोन सुताचा काढून अडीच सुताचा, आणि देवघराच्या महिरपीला एका दमात कड मारलीत. व्यंकटरावांसह पाचही विश्वस्तांनी टाळ्या वाजवल्या. मामा हात पाठीमागे बांधून उभे होते. तुम्ही गेल्यावर व्यंकटराव मला म्हणाले, "मिस्त्रींनी घरच्या बाईलाही काय तयार केलंय! अशा माणसाला धरून ठेवा."

मी म्हणाले, "साहेब, काम त्याच करतात."

ते म्हणाले, "तेच म्हणतोय मी. शिकवण्याची हातोटी आहे त्यांच्याकडे."

मग ठराव झाला. केंद्र एक वर्ष चालू राहणार. पापडाचं रद्द. सन्मान्य प्रशिक्षक म्हणून प्रमाणपत्र देण्याचं ठरलं आणि कारकुनाने छापील कागद पुढे ओढला. त्यावर "श्री." आधीच छापलेलं होतं. त्यापुढे त्याने मामांचं नाव लिहिलं. पेन अजून कागदावर होतं, मी बोलू शकले असते. पण व्यंकटरावांनी ठरावावर सही केलेली नव्हती. खिडकीतून नऊ जणी आत पाहत होत्या. मी गप्प बसले.

बाईची उदासीनता वगैरे मी तुम्हाला लिहिलं होतं. दार लावून रंधा मारणं म्हणजे काय, ते मला त्या पाच मिनिटांत कळलं. फरक एवढाच की तुम्ही आत राहून काम करत होतात आणि मी बाहेर उभी राहून गप्प होते.

प्रमाणपत्र सोबत पाठवते आहे. पाठवू नये असंही वाटलं. तुम्ही ते फाडलंत तर मी ट्रस्टला कळवेन की यष्टीत हरवलं.

डिसेंबरपासून महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी तुमची वाट पाहतो. साळूबाई विचारतात, मिस्त्रीण काय खातात?

तुमची,
कौशल्या

∗

वैजापूर
१८-११-९९

कौसा,

आशीर्वाद. तुम्ही-बिम्ही करू नको. आजवर "मामी कशी आहे" होतं, तेच बरं हाय. आणि दंडवत परत घे. तुझी कंबर अजून चांगली हाय, ती रंध्याला लागंल.

कागद फाडला नाय. चांगला जाड हाय. हे दिवसभर हातात घेऊन बसले, मग म्हणाले, "द्वारके, ह्याला फ्रेम पायजे." मी म्हणाले, "पायजे तर करा." ह्यांनी नुसता हात पुढं केला, दावायला. मग मी केली.

सागाची केली. तुझ्याकडनं येताना साळूबाईनं एक तुकडा दिला होता, दोन सुताच्या पात्यानं कड मारलेला. तसलीच कड मी पटाशीनं काढली, मशीन नाय म्हणून दोन दिवस लागले. आता कागद दारासमोर भिंतीला हाय. आलेला माणूस आधी वाचतो, मग ह्यांना हात जोडतो. परवा पुंजाराम पाटलाचा कारभारी चौकटीचं माप द्यायला आला. वाचून म्हणाला, "सांडूभाऊ, सरकारी झालात की." हे म्हणाले, "तिला विचार. माप ती घेती." तो हसला. त्याला वाटलं थट्टा हाय. माप मीच घेतलं.

दुसऱ्या शनिवारी येते. आमटी-भाकरी खाते म्हणून सांग. बायांना म्हणावं, बुश रोज धुवा, पूजा बाहेरनं करा.

आणि एक. फ्रेमच्या मागच्या अंगाला मी माझं नाव कोरलंय. द्वारका सांडू सुतार. तुझ्या पाटीवरच्या पहिल्या दिवशीसारखं, मोठ्या अक्षरात. आत्ता ते भिंतीकडं तोंड करून हाय. तू दिवाळीला आली नाय, संक्रांतीला ये. खिळ्यावरनं काढून उलटी करायची तर आधी स्टुलावर चढावं लागतं. ह्यांचा हात कापतो आणि मी काय स्वतःहून चढायची नाय.

मामी